दाब, बोल, सोड

हे मी लिहिणारच नव्हतो, खरं सांगतो. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. एक तर थकलोय. दुसरं म्हणजे आयुष्यभर माझ्यावर बोटं आपटून दुसऱ्यांनीच लिहिलं. अर्ज, निबंध, लग्नपत्रिका, माफीनामे. माझं स्वतःचंही काही सांगण्यासारखं असेल, असं कधी वाटलंच नाही. पण केसोरची गोष्ट दुसरं कोण सांगणार? तिला ऐकू येत नाही. आणि ज्यांना येतं ते हल्ली नुसते बोलत असतात.

तर मित्रांनो, मी कीबोर्ड. काळा, मळका, कडेला तडा गेलेला. कंबोडियात बट्टामबांग नावाचं गाव आहे. तिथे शिक्षकांच्या कॉलेजसमोर टायपिंगचं आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. माझी सगळी हयात त्या दुकानातल्या एका टेबलावर गेली.

जन्म मात्र चीनमधल्या कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही भाऊभाऊ एकामागून एक चाललो होतो आणि वरून एक यंत्र खाली येऊन प्रत्येकाच्या अंगावर तीच ती इंग्रजी अक्षरं छापत होतं. कुठलं अक्षर कुठे बसणार, हे फार लांब, फार पूर्वी कुणीतरी ठरवून टाकलेलं होतं. आम्ही ज्या देशात जाणार तिथली माणसं काय लिहितात, असा प्रश्न त्या पट्ट्यावर कुणाला पडला नव्हता. मलाही नाही पडला. नव्या कोऱ्या वस्तूला कशाचंच काही वाटत नाही.

मला बाजारातून आणलं थावीने. थावी दुकानाची मालकीण. गिऱ्हाइकं तिला 'बाँग थावी' म्हणतात, आपण थावीताई म्हणावं तसं. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि एकेका बटणावर पारदर्शक स्टिकर लावत बसली. आमच्या इथल्या ख्मेर भाषेच्या अक्षरांचे स्टिकर. आता ही अक्षरं आहेत भरपूर. नुसती व्यंजनंच तेहतीस. स्वर आणखी वेगळे. वर प्रत्येक व्यंजनाचं एक छोटं रूप असतं, ते दुसऱ्या अक्षराच्या खाली, पायाशी जाऊन बसतं. माझ्याकडे जागा तेवढीच. मग काय, एका खोलीत तीन बिऱ्हाडं. पायाचं अक्षर हवं असेल तर आधी एक वेगळं बटण दाबायचं, मग ते अक्षर. दुसरं अक्षर हवं तर शिफ्ट धरून ठेवायचं. एक साधा शब्द लिहायला बोटांची कसरत.

थावी ही कसरत दोनदा शिकली. आधी ती जुन्या फाँटवर टाइप करायची. मग मोठ्या कंपन्यांनी मिळून जगातल्या सगळ्या अक्षरांना नंबर दिले आणि जुनी पद्धत हळूहळू बाद झाली. काम चांगलं होतं, नाही म्हणत नाही. पण थावी पुन्हा पहिलीत जाऊन बसली.

"ह्यांचं बरंय," ती करवादायची. "तिकडे गार खोलीत बसून बदलतात. बोटं इथे माझी मोडतात."

पण शिकली. आणि मग आमचे दिवस आले, मित्रांनो! परीक्षेच्या आधी कॉलेजची मुलं दारापर्यंत रांग लावायची. थावीची बोटं सुरू झाली की कढईत तांदूळ तडतडावेत तसा माझा आवाज यायचा. मुलं आपापल्या बर्फाच्या कॉफीच्या पिशव्या हातात धरून बघत राहायची. एकजण म्हणाला होता, "बाँग, तुम्ही न बघता कसं काय करता?" थावी म्हणाली, "बघून केलं असतं तर तू अजून बाहेर उन्हात असतास." मी तेव्हा फुगलो होतो. आज सांगायला लाज नाही.

केसोर आली ती ह्याच दिवसांत.

नऊ वर्षांची असताना तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला. लिहा-वाचायला ती आधीच शिकली होती, ते तेवढं राहिलं. तिची आई मोंग रुसेईजवळच्या एका खेड्यात राहायची. मोठा भाऊ रतनाक कोरियात, लोखंडी पत्रे कापायच्या कारखान्यात. केसोर झेरॉक्स मशीनवर काम मागायला आली तेव्हा थावीने बोलून बघितलं, हातवारे करून बघितले, शेवटी संगणकावर कोरं पान उघडलं आणि माझ्यावरून लिहिलं, "झेरॉक्स येतं?"

केसोरने मला आपल्याकडे ओढलं. "कागद ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. तुम्हाला येतं का?"

थावी मोठ्याने हसली. "बोटांनी फटकळ आहेस गं!" हेही तिने लिहिलंच.

तेव्हापासून ते पान दिवसभर उघडं असायचं. एक लिहायची, मला ढकलायची. दुसरी लिहायची, परत ढकलायची. गिऱ्हाइकांची चेष्टा त्यांच्या तोंडासमोर चालायची आणि त्यांना पत्ता नसायचा. "ह्याच्या निबंधात एकच वाक्य त्याचं आहे." "कुठलं?" "नाव." मी पुस्तकं टाइप केली असतील, अहवाल केले असतील. पण माझं सगळ्यात आवडतं काम कोणतं विचाराल, तर ही कुजबुज.

मग शेजारी फोनचं दुकान आलं.

फोनवाला पोरगा लाघवी. फोन विकायचा तो आत सगळं घालूनच. निळं ॲप, त्याचं खातं, सगळं तयार. गिऱ्हाइकाला वाटायचं, हेच इंटरनेट. त्या फोनमध्येही आमची अक्षरं होती, पण एवढ्याशा काचेवर. एक थर, खाली दुसरा थर, अंगठ्याएवढ्या जागेत चार अक्षरं. बाजारातल्या बायका वैतागायच्या. फोनवाला म्हणायचा, "मावशी, अक्षरं शोधत कशाला बसता? ही माइकची खूण बघा. दाब, बोल, सोड. झालं!"

दाब, बोल, सोड. मित्रांनो, सगळं गाव बोलायला लागलं. रिक्षावाले, भाजीवाल्या, कॉलेजचे मास्तरसुद्धा. मासे निवडता निवडता एका हाताने दाब, बोल, सोड. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्यांना कधी लिहिताच आलं नाही, त्या म्हाताऱ्यांना ह्या खुणेने तोंड दिलं. केसोरची आई त्यातलीच. कंपन्यांनी आमच्यासाठी कधी सोपा कीबोर्ड केला नाही, तेव्हा लोकांनी सोपी वाट पकडली. मग कंपन्यांना वाटलं, ह्यांना हेच आवडतं, आणि त्यांनी ती खूण आणखी मोठी केली.

आमच्या संगणकावरही रोज काहीतरी यायचं. नवीन आवृत्ती घ्या. आवाज वापरून बघा. 'हो'चं बटण ठसठशीत आणि खाली बारीक अक्षरांत 'नंतर'. 'नाही' कुठेच नसायचं. थावी न वाचता हो म्हणायची. मला चांगलं माहीत आहे, कारण ते हो माझ्याच कोपऱ्यातल्या मोठ्या बटणाने व्हायचं.

हळूहळू थावीही बोलायला लागली. रांगा गेल्या. मुलं घरीच कसंबसं करून फक्त छापायला यायची. माझ्यावर धूळ. एकदा कॉफी सांडली तर दुपारपर्यंत कुणी पुसली नाही.

आणि केसोर? तिच्या घरच्यांचा फोनवर एक गट होता. रतनाक, मावश्या, चुलत भावंडं. पूर्वी रतनाक तिला मोडकंतोडकं का होईना, लिहायचा. आता गटात नुसत्या पट्ट्या यायच्या, आवाजाच्या. तिने कितीदा लिहिलं, "लिहून पाठवा." उत्तरात वर केलेला अंगठा यायचा. किंवा आणखी एक पट्टी. मग ती फोन घेऊन थावीकडे यायची. थावी कानाला लावून ऐकायची आणि माझ्यावरून लिहायची.

सुरुवातीला सगळं लिहायची. पुढे कंटाळली. तिचंही बरोबर होतं, तिला दुकान होतं.

एकदा लिहिलं, "दादा म्हणतो, बरा आहे."

केसोरने पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी लांबलचक होती. तिने लिहिलं, "एवढ्या लांब पट्टीत एवढंच?"

"बाकी असंच. थंडी, जेवण."

"काय जेवला?"

"अगं, ते ऐकलं नाही नीट. जा, मशीनमध्ये कागद अडकलाय."

कागद अडकलेला नव्हता. केसोर तरीही गेली. त्यानंतर तिने विचारणं कमी केलं. पट्टी आली की उघडायची, आणि फोन जबड्याला लावून उभी राहायची. आवाज असला की हाडाला बारीक थरथर लागते म्हणे. आईच्या पट्ट्या रोज यायच्या, गटात नाही, एकटीला. त्या ती पुन्हा पुन्हा लावायची.

आता ऐका. पट्टी उघडली की पाठवणाऱ्याला एक खूण दिसते, 'पाहिलं'. कंपनीने ठरवलंय की उघडलं म्हणजे पाहिलं, आणि पाहिलं म्हणजे कळलं.

थावी भाचीच्या लग्नाला सिएम रीपला गेली होती. दुकानात केसोर एकटी. सकाळीच गटात पट्ट्या यायला लागल्या. एक, दोन, मग थांबेचनात. केसोरने सगळ्या उघडल्या. संगणकात आवाजाची अक्षरं करणारं एक साधन आलं होतं. आमची भाषा त्यात सगळ्यात शेवटी शिरलेली. तिने फोन संगणकाजवळ धरला. मावशीचा रडका आवाज, मागे भोंग्यावर मंत्र. त्या बिचाऱ्या साधनाने कान देऊन ऐकलं आणि पडद्यावर लिहिलं, "पांढरी म्हैस पुलावर शांत भात."

केसोर हसली. तिला वाटलं, सणाची तयारी चाललीये, नेहमीचा गोंगाट. थावी आली की विचारू.

तिसऱ्या दिवशी गटात फोटो आला. आईचा जुना फोटो, चौकटीत, समोर उदबत्त्या.

ती तशीच निघाली. दुकानाचं दार उघडं, मशीन चालू, कागद बाहेर पडतायत. मी तिच्याबरोबर नव्हतो. पुढचं मला नंतर कळलं, तिच्याच बोटांतून. ती पोचली तेव्हा अग्नी देऊन झालं होतं, अस्थी धुऊन झाल्या होत्या. पांढऱ्या कपड्यातली माणसं तिच्याकडे बघून तोंडं हलवत होती. काय म्हणत होती ते तिला ऐकू आलं नाही, पण वाचता आलं. सगळ्यांच्या ओठांवर एकच होतं. पाहिलं होतंस. पाहिलं होतंस.

सातव्या दिवसाचा विधी झाला, केसोर दुकानात परतली आणि तिच्यामागे आईसाठी कोरियाहून आलेला रतनाकही आला. डोकं भादरलेलं, खांद्यावर पिशवी, कोरियाला परत जायची घाई. आल्या आल्या सुरू झाला. "लाज नाही वाटली? आई तुझंच नाव घेत होती! आम्ही अग्नी अडवून धरला दुपारपर्यंत! उघडलंस ना सगळं? मग? झेरॉक्स महत्त्वाची झाली?"

केसोर भिंतीला टेकून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"अजून जोरात ओरड," थावी म्हणाली. "समोरच्या कॉलेजला ऐकू जाईल. हिला नाही जाणार."

"बाँग, तुम्ही मधे पडू नका. तुम्ही सांगता ना तिला दर वेळी? ती उत्तर देते ना? मग ह्या वेळीच..."

"मी नव्हते इथे." थावीचा आवाज खाली आला. "आणि असते तेव्हाही अर्धंच सांगायचे. बस. इथे बस. लिही तिला."

"मला नाही येत. सातवीत शाळा सोडली मी. मी बोलतो फोनवर."

"पत्रे कापायचं यंत्र चालवतोस ना? हे त्याहून गरीब यंत्र आहे. बोट कापणार नाही. बस."

तो बसला.

मित्रांनो, चेहऱ्यांचं मला फारसं कळत नाही. मी माणूस ओळखतो ते बोटावरून. रतनाकचं बोट जड होतं, टोकाला घट्टा, नख अर्धं गेलेलं. ते माझ्यावर नुसतं फिरत राहिलं. एक अक्षर शोधायला किती वेळ! स्टिकर झिजलेले, अर्धे निघालेले. मी आतून ओरडत होतो, डावीकडे, अरे डावीकडे, शिफ्ट धर. त्याला कसं ऐकू येणार? खोडलं. पुन्हा लिहिलं. घाम बोटावरून माझ्यात उतरला. शेवटी पडद्यावर आलं, "का नाही आलीस?"

केसोर पुढे आली. मला ओढलं.

"मला कुणी लिहिलं नाही."

त्याने लिहिलं, "पाहिलंस."

"पट्ट्या पाहिल्या. त्यात काय होतं ते कोण सांगणार होतं?"

  मग त्याने खोडायचं बटण दाबून धरलं आणि "पाहिलंस" पुसून टाकलं. तिचं उत्तर तसंच ठेवलं.

केसोरने लिहिलं, "आई शेवटी काय म्हणाली?"

"तुलाच पाठवायची. रोज. तुझ्याकडेच आहे."

तिने फोन काढून त्याच्या हातात दिला. आईच्या पट्ट्या. खाली, खाली, आणखी खाली, संपतच नव्हत्या. त्याने एक लावली आणि कपाळ टेबलाला टेकवलं. थावी आत निघून गेली. केसोर आधी तिच्या पाठीकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली. सगळ्यांना काहीतरी कळलं होतं आणि तिला एकटीलाच नाही, हे तिच्या आयुष्यात काही नवीन नव्हतं. पण ह्या वेळी तिने मला उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

लिहिलं, "सगळं. काही गाळायचं नाही."

त्या एका पट्टीला अख्खी सकाळ लागली. समोर कॉलेज सुटलं, मुलं छापायला आली, थावीने त्यांना दारातूनच घालवलं. रतनाक थोडं ऐकायचा, थांबवायचा, अक्षर शोधायचा, परत मागे नेऊन ऐकायचा. पडद्यावर हळूहळू उमटत गेलं ते असं:

"हाट! हाट! ही कोंबडी बघ, आत शिरते. हं. केसोर, जेवलीस का? मी पेज घेतली. पाय दुखतोय, पण तो रोजचाच. शेजारीण हसते मला. म्हणते, बहिऱ्या पोरीशी काय बोलतेस. मला माहीत आहे गं तुला ऐकू नाही येत. पण ही खूण दाबली की तुझा फोटो समोर येतो. म्हणून बोलते. सोडली की परत दाबते. हाट!"

केसोरने वाचलं. परत वाचलं. ओठ हलत होते तिचे. मग तिने एका बोटाने लिहिलं, "कोंबडीचंपण लिहिलंस."

"तूच म्हणालीस, काही गाळायचं नाही."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. सांडलेल्या कॉफीने चिकट झालो होतो तसा नाही झालो.

रतनाक परत गेला. आता तो गटात लिहितो. चार शब्द, कधी दोन, चुकांनी भरलेले. मावश्या म्हणतात, हा काय वेळकाढूपणा. तो म्हणतो, ज्याला घाई आहे त्याने फोन करावा. आईच्या राहिलेल्या पट्ट्या दुपारी दुकान सुस्त असतं तेव्हा थावी उतरवते, रोज एक. पूर्वीसारखी भराभर नाही. श्वास, खोकला, सगळं घेत. शंभराव्या दिवसाच्या विधीला केसोरला त्या छापून न्यायच्या आहेत, भिक्षूंसमोर ठेवायला.

मी मात्र आता खरंच संपत आलोय, मित्रांनो. पायाचं अक्षर काढायचं माझं बटण अडतं. दोनतीन स्टिकर थावीने पेनाने काढलेत. शेजारचा फोनवाला परवा म्हणाला, "बाँग, हे भंगार टाका ना. कोण टाइप करतं आता?" नवा कीबोर्ड खोक्यात येऊनही पडलाय. त्याच्यावरही तीच इंग्रजी अक्षरं, त्याच जागी. त्याला अजून कशाचं काही वाटत नाही.

तुम्हाला एकच सांगायचंय. मला जपा म्हणून नाही. माझ्यासारखे पट्ट्यावरून रोज निघतात. तुमच्या फोनमध्येही ती खूण असेल. दाबा, बोला, सोडा, मजेत बोला. पण सोडण्याआधी पलीकडे कोण आहे ते आठवा, आणि त्याच्यापर्यंत ते कसं पोचणार आहे ते बघा. ते काम कंपनीचं नाही. तिला हजारो लाखो माणसं दिसतात, एक केसोर दिसत नाही. ते काम तुमचंच आहे आणि कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

आज दुपारी थावी आत जेवत होती. केसोर माझ्यावर हात ठेवून नुसती बसली होती. मग तिने कोऱ्या पानावर लिहिलं, "अजून खूप राहिल्यात. तू टिकशील ना?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती मलाच विचारत होती. इतक्या वर्षांत माझ्यावरून सगळ्यांशी बोलले लोक, माझ्याशी पहिल्यांदाच कुणी बोललं.

टिकेन, केसोर. तुझ्या आईची शेवटची पट्टी उतरेपर्यंत मी कुठेही जात नाही. एखादं अक्षर अडलं तर जोरात दाब. मला लागत नाही.